गोलाची अर्धी प्रदक्षिणा

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी पाठीशी भट्टी बांधून कोळशाच्या धुरावर पळत होत्या, आणि सांगलीच्या एका चौकात मधोमध महादेव बसला होता. त्याला कुणी बसवला नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. तो आपसूक झाला.

कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की चार रस्ते जिथं एकमेकांच्या अंगावर पडतात तिथं एक गोल दगडी ओटा बांधावा, त्यावर दिव्याचा खांब उभा करावा, आणि सगळ्या गाड्यांनी ओटा उजव्या हाताला ठेवून वळसा घालत आपापल्या वाटेनं जावं. ओटा झाला. खांब लोखंडाचा, आणि लोखंड सगळं लढाईवर गेलेलं, म्हणून खांब काही आला नाही. ओट्यावर राहिली ती खांबाची दगडी बैठक. उभट, काळी, गुळगुळीत. पावसाचं पाणी साचू नये म्हणून पाथरवटानं एका अंगाला दगडी पन्हळ काढली होती, आणि ती नेमकी उत्तरेला. आता काळी उभट बैठक, उत्तरेला पन्हळ, आणि भोवती उजव्या हातानं फिरायचा हुकूम. आमच्या मुलखातल्या माणसानं यातून दुसरं काय समजायचं? एका सोमवारी कुणीतरी बेलाचं पान ठेवलं. पुढच्या सोमवारी नारळ फुटला. लोक चौकाला नुसतं ‘गोल’ म्हणत, पण म्हणताना हात जोडत.

इथवर ठीक होतं. पण शंकराला आपण पुरी प्रदक्षिणा घालत नाही. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. हे आमच्याकडं माणसालाच काय, बैलालाही ठाऊक. त्यामुळं गोलात शिरलेली गाडी पन्हळीपाशी थांबायची, गाडीवान नमस्कार करायचा, आणि बैल उलटे वळवून मागून येणाऱ्या गाडीच्या छाताडावर नेऊन घालायचा. मागची गाडीही धर्म जाणणारीच. तिला पुढं पन्हळ गाठायची असायची. गुळाची एक गाडी सकाळी त्या गोलात शिरली ती बाहेर पडली तेव्हा ढेपांची काकवी झाली होती. एक वरात अडकली. नवरा-नवरीचं पहिलं भांडण तिथं झालं, समेटही तिथंच झाला, आणि वऱ्हाड सुटलं तेव्हा व्याही-विहिणी एकमेकांना कंटाळून निरनिराळ्या रस्त्यांनी निघून गेले. पोलीस शिट्टी वाजवायचा, नाही असं नाही. पण शिट्टी तोंडात घालण्याआधी तोही पायांतल्या वहाणा काढून ठेवायचा.

माझ्या बायकोला रोज ह्याच गोलातून शाळेत जायचं होतं. तेही सायकलवरून.

ती साताऱ्याची. मराठी सातवीची, फायनलची परीक्षा पास झालेली. लग्नात तिच्याबरोबर भांडी आली तशी सायकलही आली. तिचा थोरला भाऊ पलटणीत भरती झाला, आणि जाताना आपली सायकल बहिणीला देऊन गेला. साताऱ्याच्या उतारांवर ती शिकलेली. तिच्या म्हणण्याप्रमाणं तिथं सायकल चालवायची नसते, नुसती आवरून धरायची असते. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, की मधे दांडी असलेली पुरुषी सायकल तिला पाटावर बसल्यासारखी वाटायची. आमच्या गावातून ती पहिल्यांदा गेली त्या दिवशी विहिरीवरच्या बायकांच्या हातांतले दोर तसेच थांबले. एका पोहऱ्यातून सांडलेलं पाणी म्हणे अजून खाली पोचायचं आहे.

सांगलीत मुलींच्या शाळेत तिला मास्तरणीची जागा मिळाली. आमचं गाव नदीकाठी, हरिपूरच्या अंगाला. चालत जायचं म्हटलं, तर म्हशीची धार आणि चूल आवरून निघालेली बाई शाळा सुटायच्या वेळेला पोचली असती. म्हणून सायकल. आणि सायकलीआड माझे वडील. ते पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. घरातल्या मांजरालाही ते रांगेत बसवायचे.

“सूनबाई, नोकरी कर. मी न्हाई म्हनत न्हाई,” ते म्हणाले. “पर एक हाय. ज्या दिशी सायकलीवरनं पडलीस, त्या दिशी सायकल माळ्यावर आन तू घरात. फुडं बोलायचं न्हाई.”

“आवं मामंजी, दुसऱ्या कुनी ढकललं तर?”

“तरी पडलीसच की.”

“मोटार आंगावर आली तर?”

“मोटारीला गावात कोन वळकतंय? नाव तुझंच हुनार.”

ती आत वळली. मग चुलीपाशी मला एकटं गाठून म्हणाली, “मी आजवर पाटीवर लिवलं, भुईवर लिवलं, तव्याच्या बुडावर कोळशानं लिवलं. फळ्यावर लिवलं की समद्या खोलीला दिसतंय. मला फळ्यावर लिवायचंय. तुमी मला तेवढा त्यो गोल चुकवून द्या.”

आता बायकोनं मागून मागितलं ते काय, तर एक वाट. मला वेळ भरपूर होता. आमची शेती होती, पण शेतात माझं लक्ष इतकं, की घरचे बैल मला पाहुणा समजून बाजूला सरायचे. तिची सायकल घेऊन मी भल्या सकाळी वाट शोधायला निघू लागलो.

पहिली वाट धरली नदीची. थंडीचे दिवस. कृष्णेवर धुकं इतकं दाट, की घंटी वाजवली तर आवाज पुढं जाईना, तिथंच हँडलला लोंबकळत राहायचा. मी हातानं धुकं बाजूला सारत चाललो होतो. खाली वाळू, वर पांढरं आभाळ, आणि मधे पाण्याचा नुसता श्वास. थोडं बसावं म्हणून एका काळ्या ओंडक्याला सायकल टेकवली. ओंडक्यानं जांभई दिली आणि तो पाण्यात निघून गेला. सायकल वाळूत आडवी. मगरीनं मला काही केलं नाही, हे तिचे उपकार. पण ही वाट मास्तरणीच्या कामाची नव्हती. एक तर चाक वाळूत रुततं. दुसरं म्हणजे मगरीला शाळेची वेळ कशी समजावणार?

दुसरी वाट उसातली. बांधाबांधानं गेलं तर गावाबाहेरून थेट शाळेच्या पाठीमागं निघावं, असा माझा हिशेब. दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस, वर आभाळाची निळी चिंधी. पानं पानांवर घासून अशी कुजबुजत होती, की कुणीतरी माझ्याचबद्दल बोलतंय असं वाटावं. मी ऐकत राहिलो आणि वळणं विसरलो. आत शिरलो तेव्हा उसाला तुरे आले नव्हते. बाहेर पडलो तेव्हा सगळं रान तुऱ्यांनी पांढरं झालं होतं, आणि समोर मिरज होती.

“मग मिरजंला शाळा काढू का मी?” बायकोनं विचारलं.

तिसरी वाट मला सापडली नाही, तीच माझ्या चाकाखाली आली. हरिपूरच्या बाजूला पेवांचा माळ होता. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठी. तोंड अरुंद, आत घागरीसारखी फुगलेली. त्यात हळद ओतायची, तोंड लिंपून वर माती सारखी करायची, आणि भाव येईतोवर विसरून जायचं. वरून बघणाऱ्याला नुसता सपाट माळ. खाली गावंच्या गावं पिवळी होतील एवढी हळद निजलेली.

त्या माळावर सायकल घातली आणि जमीन बोलायला लागली. भरल्या पेवावरून चाक गेलं की खर्जात हुं म्हणायची. रिकाम्यावरून गेलं की डग्ग्यासारखी घुमायची. दोहोंच्या मधल्या मातीवर नुसतं खसखस. ऊन अजून कोवळं होतं, आणि मातीतून कुठून कुठून हळदीचा वास वर येत होता, लग्नघरात आदल्या दिवशी येतो तसा. मला वाटलं, मी सायकलीवर नाही, कुणाच्या तरी स्वप्नावरून चाललोय, आणि खाली निजलेल्याची झोप मोडू नये म्हणून चाकं हळू झालीत. तिथं मी सायकल चालवता चालवता झोपायला शिकलो. तुम्हाला पटणार नाही, पण कानाला एकदा सवय झाली की घुमण्यावरनं वाट कळते. डोळे उघडायचे ते माळ संपल्यावर.

मी उघडले तेव्हा समोर एका जैन व्यापाऱ्याचं आवार होतं. हळदीचा मोठा व्यापार, माळावरची बरीच पेवं त्याचीच. आवाराला मागं एक दार, पुढं एक दार, आणि पुढच्या दारासमोर शाळेची भिंत. गोल दोन गल्ल्या पलीकडं. तिथला आरडाओरडा भिंतींवरून गाळून येत होता, शेजारच्या घरातल्या भांडणासारखा.

व्यापारी अंगणात मऊ कुंच्यानं आपल्या पुढची जागा झाडत होता.

“आण्णा,” मी म्हटलं, “आमच्या घरातली रोज ह्या आवारातनं सायकल घिऊन गेली तर चालंल का?”

“सायकल जाऊ दे की. पर चाकाखाली किडामुंगी याय नको.”

“मुंगी बगून चालवती ती.”

“मुंगी बगून चालवती, का मुंगी बगून थांबती?”

“थांबती.”

“मग येऊ दे. पर मी सोता बसनार बगाय. तुमच्या शब्दाचं गावात काय मोल हाय ते मला म्हाईत हाय.”

पहिल्या दिवशी तो खरंच पाट टाकून बसला. आणि मुंग्यांनीही नेमका तोच दिवस धरलेला. अंगणातून आडवी काळी ओळ चाललेली, पलटण निघाल्यासारखी. बायको उतरली. सायकल खांद्यावर घेतली, लुगडं जरा वर धरलं, मुंग्यांवरून अलगद पाय टाकला, पलीकडं जाऊन सायकल खाली ठेवली आणि निघून गेली. आण्णांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“बाईंचं माहेर कुठलं?”

“सातारा.”

“आन तिथं स्थळं मिळत न्हवती व्हय?”

तेव्हापासून ती रोज त्या वाटेनं जाऊ लागली. पहिले काही दिवस मी मागून चालत जायचो. धुक्यात तिची पाठ दिसेनाशी व्हायची, पण पेवं सांगत असायची ती कुठवर पोचली ते. हुं. हुं. मग घुमलेला आवाज. मग पुन्हा हुं. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा बोटांना खडू लागलेला असायचा आणि लुगड्याच्या काठाला पिवळी धूळ. तिनं फळ्यावर पहिल्यांदा काय लिहिलं ते मी विचारलं. “तारीख,” ती म्हणाली, आणि बराच वेळ हसत होती. वडील रोज संध्याकाळी दारात उभे राहून सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे. कुठं पोचा, कुठं खरचट. काही सापडायचं नाही. मग ते खाकरून आत जायचे.

थंडी सरत आली आणि हळदीला भाव आला.

एका दुपारी आण्णा स्वतः आमच्या दारात आले. “उद्यापास्नं माळावर कुनी पाऊल टाकू नका,” ते म्हणाले. “पेवं फोडतोय. तोंडं उघडी हायती, आन आतली कोंडलेली हवा वाईट. नुसतं वाकून बगितलं तरी मानूस झोकांडी खाऊन आत जातंय. ताईंना सांगा, समदी पेवं रिकामी हुईस्तवर न्हाई.”

दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार होता. मास्तरीण नवी, जागा कच्ची. त्या दिवशी उशीर झाला असता, तर फळा दुसऱ्या कुणाचा झाला असता. नदीत मगर, उसात मिरज, माळावर पेवं. उरला तो गोल.

“मी जानार,” बायको म्हणाली.

“जा की,” वडील म्हणाले. “गूळ न्यायचाच हाय बाजारात. मीबी येतो मागनं.”

ते गूळ विकायला निघाले नव्हते. ते निकाल बघायला निघाले होते.

सकाळी ती पुढं सायकलवर, मागं आमची बैलगाडी. गाडीत गुळाच्या ढेपा आणि त्यांवर बैलांसाठी वाढ्यांचा भारा. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांचा त्या दिवसांतला फराळ. वडील गाडी हाकत होते. मी एकदा म्हटलं, “ती पडायची न्हाई.” ते म्हणाले, “तुला कोन इचारलंय?”

गोल आला. उन्हात धुराचे पापुद्रे तरंगत होते. मधे तो काळा उभट दगड, त्यावर कण्हेरीची फुलं, आणि भोवती गाड्या, टांगे, माणसं संथ फिरत होती आणि उलटी फिरत होती, झोपेत कूस बदलावी तशी. वडिलांनी सवयीनं पटका सारखा केला. बायको आत शिरली. ओटा उजव्या हाताला. चाक अगदी हळू, खाली मुंग्या असाव्यात तसं. तिच्यापुढं उसाची एक गाडी, तिच्यामागं पाठीशी भट्टी बांधलेली मोटार.

उसाची गाडी पन्हळीपाशी पोचली. गाडीवानानं हात जोडले आणि बैल माघारी वळवले.

पुढून बैलांची शिंगं, मागून मोटारीचं नाक, डावीकडं टांगा. सायकल झुकली. मी डोळे मिटले, ते खरं तर मिटायला नको होते, कारण घडलं ते तेवढ्यातच. उघडले तेव्हा ती सायकलीवर ताठ बसलेली होती. हँडल सरळ. उजवा पाय टेकलेला. आणि तो टेकला होता महादेवाच्या पन्हळीवर.

चौक गप्प झाला. मोटारीनंसुद्धा निघालेला धूर परत गिळला. पोलिसाच्या तोंडातली शिट्टी दोरीवर येऊन लोंबली. बैल रवंथ करायचे थांबले, अशी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही.

“पन्हळीला पाय लावला,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“कुनाची हाय वं ती?” टांग्यातल्या एका म्हातारीनं विचारलं.

“माझी,” वडील म्हणाले.

ते गाडीतून उतरले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि मला त्यातलं काही वाचता आलं नाही. त्यांनी वाढ्यांचा भारा सोडला, कवळाभर वाढं काढलं आणि गाड्यांमधून वाट काढत पन्हळीपाशी गेले. तिचा पाय होता तिथंच, त्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी ते वाढं पन्हळीवर आडवं पसरलं. मुलाच्या अंगावर वाकळ सारखी करावी तसं. मग ते मागं फिरले आणि बसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“झाकलंय. गवत, पान, काडी, कायबी आडवं टाकलं की पन्हळ वलांडाय चालतीया. आमच्या गावच्या गुरवानं सांगितलेलं हाय. हाका गाड्या.”

“आवं हवालदार, पर त्याच्या आधी पाय लागला की,” उसाचा गाडीवान म्हणाला.

“लागला की. घरात सून अडखळली तर सासऱ्याचा खांदा धरती का न्हाई? तसा धरलाय. त्यानं दिला म्हनून तिनं धरला. तू कोन मधी बोलनार?”

गाडीवानानं बैल ओढून बाजूला घेतले. महादेवालाही काही म्हणायचं नसावं. दगडावरचं एक फूल घरंगळून खाली आलं, ते वाऱ्यानं की कसं, मी सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, हा पुन्हा सुरू झाला.

“मामंजी, पाय काडू का?” बायकोनं विचारलं.

“काड आन जा. तुझा साहेब खोळंबला आसंल.”

तिनं पाय काढला, पॅडल मारलं, आणि वाढ्यावरून चाक नेत पलीकडं गेली. तिच्यामागून मोटार. मोटारीमागून टांगा. पन्हळ ओलांडलेल्या लोकांना गोलाची ती बाजू पहिल्यांदाच दिसत होती. कित्येकांना तिकडं आपले पाहुणे राहतात हे तेव्हा आठवलं. त्या दिवशी सांगलीतली माणसं पुरा वळसा घालायच्या आनंदात दुपारपर्यंत फिरत राहिली, आणि पोलिसाला त्यांना घरी पाठवायला शिट्टी वाजवावी लागली. पुढं पन्हळीवर रोज कोणी ना कोणी वाढं टाकू लागलं. मग गाड्यांचे बैल ते खायला थांबू लागले आणि चौक नव्यानं तुंबला. पण ते भांडण निराळं.

साहेबानं शाळा तपासली. फळ्यावरचं अक्षर कुणाचं, असं विचारलं. ती “माझं” म्हणाली. जागा पक्की झाली.

संध्याकाळी वडील जेवायला बसले. ती वाढत होती. भाकरी मोडता मोडता ते ताटाकडं बघूनच म्हणाले, “उद्यापास्नं मधनंच जात जा. सायकल काय माळ्यावर जात न्हाई.”

“आन पडले तर?”

“पडलीस तर ऊठ,” ते म्हणाले. “आमटी वाड.”

ती आमटी वाढून आत आली. मी भिंतीला टेकून बसलो होतो, जरा खट्टू. इतक्या सकाळी धुक्यात घालवून काढलेली माझी वाट कवळाभर वाढ्यानं फुकट गेली होती.

“आवं,” ती म्हणाली, “आण्णांची पेवं रिकामी झाली की सांगा मला.”

“कशाला? गोल मोकळा झाला की. लवकर पोचशील.”

“पोचंन की.” तिनं पदराला हात पुसले. “पर रोज लवकर पोचून काय करू?”